पेवातून आलेली ओ

हरबाजी महाराज सोनहळीला आले ते माघातल्या एका सकाळी, नदीचा उतार ओलांडून. खांद्यावर फाटके उपरणे आणि हातात पितळेचा वाडगा, एवढाच त्यांचा संसार. वेशीजवळच्या महादेवाच्या देवळात त्यांनी पथारी टाकली आणि माधुकरीसाठी पहिले जे दार गाठले ते सगुणेचे. त्या दारात महाराजांनी तिला एक गोष्ट सांगितली. सगुणेने ती या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडून दिली.

झाले होते असे. सगुणा अंगणात जोंधळा पाखडत होती आणि तिची ठकू, नुकती पावले टाकायला शिकलेली, उंबऱ्याशी बसून भोकाड पसरून रडत होती. दारात साधू उभा आणि लेकीचा हा सोहळा. सगुणेला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पदराला हात पुसत ती म्हणाली, "म्हाराज, राग मानू नगा. सकाळधरनं घर डोक्यावर घेतलंय हिनं. गप्प म्हणून बसत न्हाई."

महाराज ठकूकडे बघून हसले. म्हणाले, "रडतंय न्हवं? मग बरं हाय, बाय. रडणारं लेकरू कुठं हाय ते कळतं तरी. गप्प होईल तवा हातातलं टाकून ऊठ."

सगुणेने भाकरी वाढली, वाकून नमस्कार केला आणि महाराज वळणाआड गेल्यावर मनाशी म्हणाली, बैराग्याला काय ठाऊक लेकरांचं? पोर गप्प झालं तर आईनं जरा टेकावं की धावत सुटावं?

चारदोन दिवस गेले असतील. पुन्हा तेच अंगण, तेच सूप. ठकू मागे खेळत होती, बडबडत होती, आणि मग तिची बडबड थांबली. बरं झालं, निजली वाटतं, असे म्हणत सगुणेने आणखी एक सूप भरले. ते उचलले मात्र, आणि हात जागच्या जागी थांबले. 'गप्प होईल तवा ऊठ.' कुणी कानाशी येऊन बोलावे तसे ते शब्द आले. तिने वळून पाहिले. ठकू निजली नव्हती. डोळे विस्फारलेले, तोंड उघडे, ओठ निळसर, आणि आवाज नाही. घशात चिंचोका अडकला होता. सगुणेने तिला मांडीवर पालथी घेतली, डोके खाली केले आणि पाठीवर थापा मारल्या. चिंचोका टपकन अंगणात पडला. त्यानंतर ठकूने जो टाहो फोडला, त्याच्याइतके गोड गाणे सगुणेने जन्मात ऐकले नव्हते.

तशीच ती लेकीला कडेवर घेऊन देवळात गेली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली. "म्हाराज, तुमी सांगितलं आणि म्या ऐकलं न्हाई."

"ऐकलंस की. जरा उशिरा ऐकलंस, एवढंच," महाराज म्हणाले. त्यांनी ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाय, दिवसभर लेकराकडं बघत बसायला कुणाला सवड हाय? चूल हाय, शेत हाय, पाणी भरायचं हाय. डोळं कामात गेलं तर जाऊ देत. कान मात्र लेकरापाशी ठेव. मधनंमधनं हाक मार, आणि ओ आल्याबिगर दुसऱ्या कामाला हात लावू नगंस. लेकराला पण ओ द्यायला शिकव. मारून न्हाई हं. खेळातनं."

तेव्हापासून सगुणेची हाक सुरू झाली. भाकरी थापताना, भांडी घासताना, गोवऱ्या लावताना ती सुरात म्हणायची, "ठकूऽऽ, कुठं हाय गं?" ठकू जिथे असेल तिथून उत्तर यायचे, "ओऽऽ." मग सगुणा म्हणायची, "ऐकलं गं माझ्या बाई." बस्स, तेवढेच. ना रागावणे, ना ओढून घरात आणणे. त्यामुळे ओ दिली म्हणजे आता खेळ मोडणार, असे त्या लेकराला कधी वाटलेच नाही.

तीनचार वर्षे गेली, ठकू मोठी होऊ लागली. शेतावर जाणाऱ्या बाया आपापली पोरे सगुणेच्या अंगणातल्या चिंचेखाली सोडून जाऊ लागल्या. मग एका हाकेच्या पाच हाका झाल्या. नदीवर धुण्याला गेली की बाया चिडवायच्या, "आली गं हाकाबाई. हिचं धुणं कमी आणि हाकाच जास्त." सगुणा हसायची, दगडावर लुगडे आपटायची आणि आपटता आपटता काठावरच्या पोरांना हाक मारायची. सगळ्यांची ओ आली की पुढचे लुगडे.

आता या गावात एवढे सावध राहायचे कारणही होते. सोनहळी हे पेवांचे गाव. नदीकाठची माती चिवट आणि घट्ट, म्हणून तिथे धान्य जमिनीच्या पोटात ठेवायची चाल. माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि खाली खोलीएवढे पोट असा खोल खड्डा खणायचा, त्याला पेव म्हणायचे. भरले की तोंडावर फरशी आणि फरशीवर माती. आत जोंधळा वर्षानुवर्षे टिकतो. पण पेव फोडले की लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा माणसाचा श्वास बंद करते. आधी तोंड उघडे ठेवून भोवती बाभळीचे काटे लावायचे, वारा आत खेळू द्यायचा, मग दोरीने दिवा खाली सोडून बघायचा. दिवा जगला तर माणूस जगेल, असा तिथला नेम.

गावातली निम्मी पेवे दाजीसाहेब देसायांची. सगुणेचा नवरा म्हादू त्यांच्याच पेवांवर कामाला होता आणि देसायांचे खळे सगुणेच्या चिंचेला लागूनच होते. दाजीसाहेब माणूस कर्तबगार, पण शब्दाचा करडा. ते ओसरीवर आले की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबत. त्यांचा एकुलता एक नातू जिवबा, ठकूच्याच वयाचा. सगळे त्याला जिवू म्हणत. त्याची आई उमावहिनी सासऱ्यांसमोर मान वर करत नसे, पण दुपारी सासऱ्यांचा डोळा लागला की मागचे दार हळूच उघडायची, आणि जिवू धूम चिंचेखाली. सगुणेला तो मावशी म्हणायचा.

त्या सुमाराला महाराजही तिथे येऊन बसत. बुट्टीची गाडी हा खेळ त्यांनीच काढला. जोंधळा वाहायची मोठी बुट्टी, तिला दोन्ही अंगांनी दोरी. मुलाने आत बूड टेकून बसायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही हातांनी काठ धरायचा. मग महाराज दोरी ओढत अंगणभर गाडी फिरवायचे. कुणी उभे राहिले की गाडी थांबली. म्हादू एकदा म्हणाला, "म्हाराज, तुमी साधू का बैल?" महाराज म्हणाले, "लेकरांनी जुंपलं तर बैल. तुला काय वाटतंय, देव रिकामा बसलाय?"

एक दिवस त्यांनी मुलांना एका उघड्या पेवावर नेले. एकेकाला घट्ट धरून तोंडापाशी आणले. "बघा, ह्ये पेव. तोंड बारकं, पोट मोठं. आत आपला जोंधळा ऱ्हातो." एक खडा आत टाकला. बऱ्याच वेळाने खालून बारीकसा आवाज आला. मुलांचे डोळे मोठे झाले. "किती खोल हाय, ऐकलंसा न्हवं? म्हणून आपण काट्यांच्या अल्याड उभं ऱ्हायचं. काटं नसलं तर मोठ्या माणसाला सांगायचं, काटं कुठं गेलं म्हणून."

नेमके तेव्हाच दाजीसाहेब तिथून चालले होते. गड्यांच्या पोरांत आपला नातू पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली. "जिवबा, घरी चल. आणि ध्यानात ठेव, पेवात काळा बुवा असतो. आवाज ऐकला की वढून आत नेतो."

जिवूचा चेहरा एवढासा झाला. तो निमूट आजोबांच्या मागे जाऊन उभा राहिला.

महाराज शांतपणे म्हणाले, "दाजीसाहेब, बुवा दाखवून लेकरू गप्प होतं. शहाणं होत न्हाई."

"महाराज, तुम्हाला ना लेक ना सून," दाजीसाहेब हसले. "तुम्ही भजन करावं. पोरं कशी वाढवायची ते आम्ही बघू. आमच्या घरात मोठ्यांच्या पुढं पोरं तोंड उघडत नाहीत." मग ते सगुणेकडे वळले. "आणि तुझी पोरं काय म्हशी हायत का गं, घडीघडी हाका घालायला? हाका न मारता वाढलेली पोरं काय मेली?"

"न्हाई जी," सगुणा खाली बघत म्हणाली. "पर ओ आली की माझा हात कामाला लागतो."

"मग तुझ्या पोरीला घाल हाका. माझा नातू तुझ्या चिंचेखाली परत दिसला, तर म्हादूनं दुसरं काम बघायचं."

खांद्यावरचे उपरणे सारखे करत महाराज देवळाकडे निघून गेले. सगुणा त्या रात्री जेवली नाही. पण नवऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवसापासून जिवू आला की ती स्वतःच त्याला मागच्या दारापर्यंत पोचवून यायची. जाता जाता तो कुजबुजत विचारायचा, "मावशी, उद्या हाक मारशील?" सगुणेचे काळीज तुटायचे. ती म्हणायची, "मनातल्या मनात मारीन. तू मनातल्या मनात ओ दे."

चैत्र लागला. एके दिवशी सकाळी देसायांच्या खळ्यातले मोठे, निम्मे भरलेले पेव फोडले. दुपारी बाजारपेठेतले व्यापारी जोंधळा बघायला येणार होते. म्हादूने रिवाजाप्रमाणे पेवाच्या तोंडाभोवती बाभळीचे काटे लावले. दाजीसाहेबांनी ते पाहिले आणि म्हणाले, "हे काय? पाव्हण्यांची धोतरं फाडायची हायत का? काढ ते. तोंडावर तरट टाक, म्हणजे धूळ पण उडायची नाही."

म्हादू घुटमळला. "दाजीसाहेब, तरट टाकलं तर वारा कुठनं जाणार आत? आणि कुणाचा पाय पडला तर..."

"पाय कुणाचा पडतोय? सोनहळीत पेव कुठं हाय ते कुत्र्याला पण ठाऊक हाय. पाव्हणं येऊन गेलं की काढ."

काटे निघाले. काळ्या तोंडावर तरट अंथरले गेले आणि वरून बघणाऱ्याला ती जागा खळ्यात पसरलेल्या इतर तरटांसारखीच दिसू लागली. म्हादूला गाड्या आणायला पाठवून दाजीसाहेब पाहुण्यांना सामोरे जायला वेशीकडे गेले.

सगुणा चिंचेखाली शेंगा निवडत होती. तिने एकेका पोराला हाक मारली. एकेकाची ओ आली. तिने पुन्हा शेंगांत हात घातला. तेवढ्यात देसायांचे मागचे दार किलकिले झाले आणि उमावहिनीने डोके बाहेर काढले.

"सगुणे, जिवू तुझ्याकडं हाय न्हवं?"

"न्हाई वैनी. मला वाटलं घरात हाय."

"मला वाटलं तुझ्याकडं हाय."

दोन्ही घरांना वाटत होते, पोर दुसऱ्या घरात आहे. त्यामुळे कितीतरी वेळ त्याला कुणीच हाक मारली नव्हती. सगुणेच्या हातातल्या शेंगा सांडल्या. खळे उन्हात निवांत पडले होते. कुठेही रडणे नव्हते, हसणे नव्हते. ही शांतता तिला ओळखीची होती. ठकूच्या निळ्या ओठांची होती ती.

तिचा पदर ओढत ठकू म्हणाली, "आई, तितलं तरट कुठं गेलं?"

मोठ्या पेवाचे तोंड उघडे होते. तरट आत गेले होते.

उमावहिनीची किंकाळी ऐकून माणसे धावली. सगुणेने आधी पोरांना चिंचेपाशी बसवून एका म्हातारीच्या ताब्यात दिले आणि मग ती पळाली. पेवाभोवती गर्दी झाली होती. पुरुष वाकून ओरडत होते, "जिवबा! अरे जिवबा!" आतून काही येत नव्हते. कुणीतरी मागे सरून म्हणाले, "सकाळी फोडलेलं पेव. आता काय ऱ्हायलं असणार?" उमावहिनी मातीत बसली होती.

सगुणा पेवाच्या काठावर पालथी पडली. "कुणी बोलू नगा," ती म्हणाली. आतून आंबूस, जड वास येत होता. चिंचेखाली मारायची तश्शी, खेळातल्या सुरात तिने हाक मारली.

"जिवूऽऽ, कुठं हाय रे?"

आणि ती थांबली. पुन्हा हाक मारायचा मोह होत होता, पण हाकेवर हाक घातली तर लेकराची ओ ऐकू कशी येणार? तिने श्वाससुद्धा रोखून धरला.

अगदी खालून, सुतासारखी बारीक, आली.

"ओ."

"ऐकलं रे माझ्या राजा," सगुणा म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले.

तोवर म्हादू आला. त्याने दोरीला दिवा बांधून आत सोडला. वावभर गेला नाही तोच ज्योत लवली आणि विझली. म्हादूने कमरेला दोर बांधायला घेतला, तसे दोघांतिघांनी त्याला धरले. "येडा का खुळा? दिवा गेला. तू बी जाशील." ते खोटे नव्हते. सगुणेने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली, पण या वेळी जडावलेली, झोपेतून आल्यासारखी. तिसऱ्या हाकेला कितीतरी वेळ लागला.

मग सगुणेने डोळे मिटले. हात जोडायला हात मोकळे नव्हते, दोन्ही हातांनी तिने काठ धरला होता. ती म्हणाली, "हरबाजी म्हाराज, माझ्या हाकेला ह्ये लेकरू ओ देतंय. आता माझ्या हाकेला तुमी ओ द्या."

पान हलत नव्हते अशी ती दुपार. पण सगुणेच्या तोंडावर वाऱ्याची झुळूक आली, आणि ती आली खालून, पेवातून. एक झुळूक, मग दुसरी, मग तिसरी. कुणीतरी आत बसून एका लयीत वारा घालावा तशी. आंबूस वास वर येऊन उडून जाऊ लागला. "दिवा सोडा," सगुणा ओरडली. "पुन्यांदा सोडा."

दिवा खाली गेला. ज्योत डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, पण विझली नाही. ती तळापर्यंत गेली आणि तिच्या उजेडात जिवू दिसला. जोंधळ्याच्या ढिगाऱ्यावर, बरोबर पडलेल्या तरटावर तो बसला होता. त्या तरटामुळेच तो दाण्यात रुतला नव्हता.

"उतरतो मी," म्हादू म्हणाला. पण एक जुना गडी म्हणाला, "तुझ्या वजनानं ढिगारा ढासळंल रं. पोर दाण्याखाली जाईल."

सगुणेने मान वर केली. "बुट्टी आणा," ती म्हणाली. "आमची गाडीची बुट्टी."

दोर बांधून बुट्टी खाली सोडली. जिवू तिच्याकडे बघत राहिला, हलला नाही. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारले, "मावशी, बुवानं ऐकलं तर?"

"पेवात बुवा नसतो रे. पेवात काय असतं? सांग बघू."

"जोंधळा."

"आपला जोंधळा. मग आता गाडी आली. बस बघू. बूड टेक. गुडघं?"

"पोटाशी."

"हात?"

"काठाला."

"उभं ऱ्हायलं तर?"

"गाडी थांबती," जिवू म्हणाला, आणि बुट्टीत बसला.

म्हादू आणि गडी दोर ओढू लागले. सगुणा बोलत राहिली, जिवू ओ देत राहिला. बुट्टी काठाला लागली तेव्हा दाजीसाहेब व्यापाऱ्यांसह धापा टाकत खळ्यात शिरत होते. कुणीतरी वेशीपर्यंत निरोप नेला होता. सगुणेने जिवूला उचलून आधी मोकळ्या हवेत धरले, त्याचे तोंड पुसले, छाती वरखाली होते आहे ना हे हात ठेवून पाहिले, आणि मग उमावहिनीच्या ओटीत दिले. पाण्याचे दोन घोट पोटात गेल्यावर जिवू बोलू लागला.

"आई, मी भ्यालो न्हाई. म्हाराज हुते माझ्याजवळ."

"कुठं रे?"

"खाली. फाटकं उपरणं घेऊन वारा घालत हुते. मला म्हणाले, मावशी हाक मारत्याय, ओ दे."

सगळ्यांनी ऐकले. पण त्या शब्दांनी दाजीसाहेब जेवढे हादरले तेवढे कुणी हादरले नाही. ते मटकन खाली बसले. म्हणाले, "मी देवळाच्या सावलीत बसलो होतो पाव्हण्यांबरोबर. महाराज खांबाला टेकून होते. एकाएकी उठून बसले आणि उपरण्यानं समोरच्या फरशीला वारा घालायला लागले. मी म्हणालो, महाराज, उन्हानं डोकं फिरलं का? दगडाला कसला वारा घालताय? पाव्हणं हसले. मी पण हसलो." त्यांनी जिवूकडे पाहिले. "ते म्हणाले, लेकराचा जीव घुसमटतोय, तुमी हसून घ्या, मला हात थांबवता यायचा न्हाई."

दाजीसाहेब उठले. पायात जोडा घालायचे भान राहिले नाही. तापलेल्या मातीतून अनवाणी ते देवळाकडे निघाले आणि त्यांच्या मागे सगळे खळे निघाले. उमावहिनीच्या कडेवर जिवू होता, सगुणेच्या कडेवर ठकू.

महाराज त्याच खांबाला टेकून बसले होते. अंग घामाने निथळत होते आणि उजवा हात मांडीवर निपचित पडला होता, उचलत नव्हता. बरोबरच्या व्यापाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितले की आपण इथे होतो तोवर महाराज जागचे हलले नव्हते. सगुणेने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचे उपरणे सावरले. त्याला पेवाचा आंबूस वास येत होता. घडी सुटली आणि फरशीवर जोंधळ्याचे दाणे टपटपले.

दाजीसाहेबांनी डोक्यावरचा पटका उतरवून महाराजांच्या पायांशी ठेवला. "महाराज, माझ्या हट्टानं काटे निघाले. माझ्या धाकानं पोर गप्प राहिलं असतं. तुम्ही नसता तर..."

"मी नुसता वारा घातला," महाराज थकल्या आवाजात म्हणाले. "पोर कुठं हाय ते हिच्या हाकेनं कळलं. त्याला ओ द्यायला येत नसतं, तर मी वारा कुणाला घातला असता? पाया पडायचं असंल तर ह्या बायच्या कानाच्या पडा."

सगुणा संकोचून मागे सरली. तिला त्या क्षणी एकच आठवत होते. दारात उभे असलेले महाराज, रडणारी ठकू, आणि मनातल्या मनात हसलेली आपण. त्या दिवशी जे शब्द तिने सोडून दिले होते, त्यांनीच दोन लेकरे तिच्या पदरात परत घातली होती. कोणत्या जन्मीचे हे ऋण, आणि ते फेडायचे तरी कसे?

"मी काय करू, महाराज?" दाजीसाहेबांनी विचारले.

"नातवाला हाक मारा. दरडावून न्हाई. आणि ओ येईपर्यंत थांबा. देव सुद्धा तेवढंच करतो, दाजीसाहेब. हाक मारतो आणि थांबतो."

दाजीसाहेब वळले. ज्या आवाजाने भांडी वाजायची थांबत, तो आवाज आता अगदी हळू निघाला. "जिवू..." ते म्हणाले. "जिवू, कुठं हाय रे बाळा?"

जिवूने आईच्या खांद्यात तोंड लपवले. दाजीसाहेब थांबले. पुन्हा हाक मारली नाही, हात पुढे केला नाही, नुसते थांबले. घंटेच्या दोरीवर एक चिमणी येऊन बसली आणि उडून गेली. मग खांद्यात दडलेल्या तोंडातून, जरा गुदमरलेली, आली.

"ओ."

"ऐकलं रे माझ्या राजा," दाजीसाहेब म्हणाले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके टेकले. ते उठेनात. त्यांचे खांदे हलत होते. मग जिवूच आईच्या कडेवरून उतरला आणि आजोबांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

त्या दिवसापासून देसायांच्या पेवांवरचे काटे पाहुण्यांसाठी कधी निघाले नाहीत. दुपारी त्यांचे मागचे दार उघडेच राहू लागले, आणि चिंचेखालून सगुणेची हाक आली की कधी कधी ओसरीवरून दाजीसाहेबही ओ द्यायचे. पोरे हसून लोळायची. नदीवर आता कुणी हाकाबाई म्हणून चिडवत नसे. म्हणत, पण आदराने.

भाविकहो, हरबाजी महाराजांना ना नारळ लागत, ना फुले. ही कथा वाचली त्याची दक्षिणा एवढीच द्यावी. पान मिटण्याआधी जरा कान द्या. तुमच्या घरात, नाहीतर भिंतीपलीकडच्या घरात, एखादे लेकरू मघापासून गप्प असेल. कुणाला वाटत असेल ते आईपाशी आहे, आईला वाटत असेल ते तुमच्यापाशी आहे. उठा, त्याला एक हाक मारा. आणि ओ येईपर्यंत तिथेच थांबा.